घरजावयाचं घोडदळ

जावयाने आपलं घोडदळ जाणूनबुजून दलदलीत घातलं.

टेबलाभोवती जमलेली मंडळी हळहळली. बोटाच्या पेराएवढे ते शिशाचे घोडेस्वार त्याने स्वतः रंगवले होते. आपल्या चष्म्याच्या दुकानातलं भिंग डोळ्याला लावून एकेकाच्या मिशा काढल्या होत्या. आता ते हिरव्या कापडाच्या चिखलात अडकून उभे होते, समोरच्या टेकडीवर सासऱ्याच्या तोफा होत्या. आज टेबलावरच्या लढायांच्या क्लबाचा वार्षिक सामना. आणि चिठ्ठ्यांनी नेमकी सासऱ्या-जावयाचीच गाठ घालून दिली होती.

"आज तू हर," बायकोने सकाळीच बजावलं होतं. "बाबा जिंकले की लोण्यासारखे मऊ होतात. तेव्हाच घराचं सांगून टाक."

घर म्हणजे बाजारामागची दोन खोल्यांची भाड्याची जागा. मालकाला संध्याकाळपर्यंत होकार हवा होता, नाहीतर ती दुसऱ्याला जाणार होती. लग्न झाल्यापासून जावई सासऱ्याच्या घरी, वरच्या खोलीत राहत होता. खुर्ची सरकवली की खालून खोकला यायचा. दिवा जरा उशिरा मालवला की सकाळी चहाबरोबर विचारणा व्हायची, "काल झोप लागली नाही वाटतं?" माणूस वाईट नव्हता हो. हा खेळ त्यानेच शिकवला, पहिली पलटणही त्यानेच भेट दिली. म्हणून तर जीभ रेटत नव्हती. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत.

सासऱ्याने फासे उचलले. उभा जन्म जमीनमोजणीच्या खात्यात गेलेला माणूस, टेप लावल्याशिवाय प्यादंसुद्धा हलवायचा नाही. त्याने दलदलीकडे पाहिलं, मान हलवली आणि तोफा टेकडीवरून मागे घेतल्या.

"बाबा, तोफा मागे?" जावई बोलून गेला.

"असू द्या. दमले असतील गोलंदाज."

कोणीतरी मागे कुजबुजलं, की म्हाताऱ्याची नजर गेली. नजर तर जावयाने मागच्याच महिन्यात तपासली होती, ठणठणीत होती. मग डोकंच थकलं की काय? अशा माणसाला टाकून जायचं? आणि नाही गेलं, तर जन्मभर खुर्ची उचलून उचलून ठेवायची. बायकोला मोठ्याने हसायचं असलं तर उशीत तोंड खुपसून हसावं लागायचं, हे त्याला आठवलं आणि त्याने पायदळही नदीत उतरवलं.

सासऱ्याने पूल मोकळा सोडला.

जावयाने उजवी फळी उघडी टाकली. सासऱ्याने तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. एव्हाना पंच म्हणून बसलेला दातांचा डॉक्टर दोघांकडे आळीपाळीने बघत होता. डाव सोडून द्यावा म्हटलं तर तीही सोय नाही. या क्लबात शरणागती चालत नसे. एकाचं निशाण पडेपर्यंत खेळायचं, मग घरी आग लागली असली तरी.

आणि सासऱ्याने आपलं निशाण पुठ्ठ्याच्या गावाबाहेर उघड्यावर आणून ठेवलं. शेजारी राखणीला दोन शिपाई, बस्स. वीतभर अंतरावर जावयाचे तीन ढोलवाले होते.

"इतकं जवळ आल्यावर हल्ला करावाच लागतो," डॉक्टर म्हणाला. "नियम आहे."

"ढोलवाल्यांनी? त्यांच्याकडे हत्यार कुठंय?"

"दोन्ही फाशांवर सहा पडले तर ढोलाच्या काठ्यांनीही निशाण पडतं. टाका."

जावयाच्या जिवात जीव आला. दोन सहा काय पडतायत. एरवी हात जोडून मागितले तरी न पडणारे. त्याने निर्धास्तपणे फासे टाकले. पहिला सहावर थांबला. दुसरा टेबलाच्या कडेपर्यंत गेला, थोडा डगमगला आणि तोही सहावरच बसला.

सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. कोणी पाठ थोपटली, कोणी त्याच्या हातात चषक कोंबला. जावई कसनुसा हसला. गेलं घर. आता म्हातारा आठवडाभर तोंड फुगवून बसणार, आणि फुगलेल्या तोंडासमोर हा विषय काढायची छाती त्याच्यात नव्हती. यापुढे वरची खोली, खालचा खोकला, आणि हेच. त्याला रडू यायचं बाकी होतं.

सासऱ्याने त्याचा दंड धरून खिडकीपाशी नेलं. चहाचा पेला हातात दिला. चेहरा मात्र फुगलेला नव्हता, चांगला खुललेला होता.

"खूश ना, जावईबापू?"

"हो... म्हणजे, बाबा, मला जरा—"

"थांबा. आधी माझं ऐका, नाहीतर पुन्हा धीर व्हायचा नाही." सासऱ्याने घसा खाकरला. "कधीपासून मनात आहे, पण तुम्हाला वाईट वाटेल म्हणून गप्प बसलो. तुमच्या सासूबाई म्हणाल्या, आधी जावयाला जिंकू द्या, मग खुशीत असताना विचारा. आज किती खटपट केली मी हरायला, तुम्ही हरूच देत नव्हता."

"काय विचारायचं होतं, बाबा?"

"दुसरीकडे जागा बघता का तुम्ही? मला वरच्या खोलीत कायमचं रणांगण मांडायचंय. तुमचा पलंग हलला की बारा फुटी टेबल या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत बरोबर बसतं, तुम्ही दुकानात असताना मी मोजून आलोय."