सगळ्यांत संथ डिस्क

"काका, पापणी लवायच्या आत गेम सुरू होतो आता. मग ही अडगळ कशाला?" दुकानदाराला कळेना. खानोलकरांनी कॉम्प्युटरचे बाकी सगळे पार्ट भारीतले निवडले होते. हार्ड डिस्क मात्र तीस वर्षांपूर्वीची, कुरकुरणारी. लोडिंग म्हणजे काय, हे आताच्या पोरांना ठाऊकही नव्हतं.

रविवारी ऋजुता माहेरी आली. हल्ली काहीही विचारलं तरी ती "बरंय" एवढंच म्हणायची. बापलेक पूर्वीसारखे गेम लावून बसले. डिस्क कुरकुरली, लोडिंगची पट्टी अकरा टक्क्यांवर अडली. शाळेतली सगळी भांडणं ऋजुताने या पट्टीसमोरच सांगितली होती.

"बाबा," पडद्यावरची नजर न हलवता ती म्हणाली, "मी परत जाणार नाहीये."

पट्टी बारावर सरकली.

'घाई नको गं बाई,' खानोलकरांनी डिस्कला मनातल्या मनात विनवलं.