पादोव्याची पूर्वतयारी

"तिकीट काढलं म्हणजे काम संपलं नाही," विलासराव म्हणाले. "बसमध्ये चढल्या चढल्या ते यंत्रात घालून त्यावर वेळ छापून घ्यायची. नाही छापली, तर खिशात तिकीट असूनही दंड भरावा लागतो."

वसुंधराबाईंनी ते वहीत लिहून घेतलं. त्यांची मुलगी ऋतिका शेजारी बसून मोबाइल चाळत होती.

विलासरावांना ते खटकलं. परदेशी शिकायला निघालेल्या पोरीनं इतकं निर्धास्त राहून कसं चालेल? "ऋतिका, लक्ष दे," ते म्हणाले.

"ऐकतेय काका. मलाही माहीत असायला हवंच," असं म्हणून तिनं मोबाइल पालथा ठेवला.

विलासराव हे वसुंधराबाईंच्या माणिकपुरातल्या सोसायटीचे सेक्रेटरी. मुलगा परेश इटलीतल्या पादोव्यात शिकला आणि तिथंच नोकरीला लागला. त्याच्याकडे तीन महिने राहून आल्यापासून विलासरावांना पादोव्याची गल्ली न् गल्ली पाठ होती, आणि ती ऐकून ऐकून सोसायटीतल्या बाकीच्यांनाही निम्मी पाठ झाली होती. त्यामुळे तिसऱ्या मजल्यावरच्या वसुंधराबाई जिन्यात भेटून "विलासराव, पादोव्याच्या विद्यापीठाचं पत्र आलंय, वनस्पतिशास्त्रासाठी..." इतकं म्हणाल्या, तेव्हा त्यांना कोण आनंद झाला. पुढचं ऐकायची गरजच नव्हती. समोरच्याचं वाक्य आपणच पुरं करायची त्यांना जुनी खोड. "अहो, मग मी कशासाठी आहे?" ते म्हणाले, आणि त्याच रविवारपासून शिकवणी सुरू झाली.

या उत्साहाला आणखी एक कारण होतं, आणि ते त्यांनी परेशलाही सांगितलं नव्हतं. बायको जाऊन त्यांना सात वर्षं झाली होती. वसुंधराबाईंचे यजमान तर त्याच्याही आधी गेलेले. सगळी सोसायटी त्यांना ताई म्हणायची. विलासराव मात्र ठरवून 'बाई' म्हणत. लग्नाचं विचारायचं दोन वर्षं मनात होतं, पण घरात तरुण मुलगी असताना तिच्या आईला विचारणार कसं? आता पोरगी एकदा विमानात बसली, की रस्ता मोकळा. म्हणून तिनं जायलाच हवं होतं.

मार्चमध्ये वसुंधराबाईंनी कॉलेजातल्या प्राध्यापकीतून स्वेच्छानिवृत्ती घेतली होती. लेकीच्या तयारीसाठी या बाईनं नोकरीवर पाणी सोडलं, म्हणून आता विलासरावांचा ऊर भरून आला.

तर शिकवणी जोरात चालली. फळं-भाज्या उघड्या हातानं चाचपायच्या नाहीत, दुकानातला प्लॅस्टिकचा हातमोजा घालायचा. दुपारी छोटी दुकानं बंद, तेव्हा साखर संपली म्हणून अडीच वाजता बाहेर पडून उपयोग नाही. उतरल्यापासून आठ दिवसांत पोस्टात जाऊन राहण्याच्या परवान्याचा अर्ज भरायचा. कॉफी उभ्यानं प्यायली तर स्वस्त, टेबलाशी बसलात की महाग. विलासराव सांगत होते आणि वसुंधराबाईंची वही भरत होती. ऋतिका बहुतेक वेळ चहा करायची.

एका रविवारी वसुंधराबाईंनी मध्येच वही मिटली.

"एवढं सगळं एकट्यानं जमेल का हो? आजारी पडलं, तर बघायला कोण आहे तिथं?" त्या म्हणाल्या. "मला वाटतं, हे नकोच."

दोन वर्षं धरलेली आशा डोळ्यांदेखत निसटत होती. विलासराव खुर्ची पुढं ओढून बसले.

"वसुंधराबाई, घाबरून घरी बसलं, तर जन्मभर चुटपुट लागते. जायलाच हवं. तिथं परेश आहे आणि इथं मी आहे. इथली काडीची काळजी करू नका."

वसुंधराबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. "तुम्हालाही तसंच वाटतं?"

"शंभर टक्के," विलासराव छातीठोकपणे म्हणाले.

वसुंधराबाईंनी मान हलवली आणि वही पुन्हा उघडली. त्यानंतर त्यांनी एकदाही शंका काढली नाही. विलासराव स्वतःवर बेहद्द खूश झाले. आपल्या एका शब्दावर बाईंनी मन घट्ट केलं, याचा अर्थ त्यांच्या मनातही आपल्याला जागा आहे, असा हिशेब त्यांनी मांडला. तो हिशेब काही चुकीचा नव्हता.

व्हिसा आला. पहिल्या मजल्यावरची रिटा वर येऊन गेली. पादोवा म्हणजे तिच्या संत अंतोनीचं गाव. तिथल्या मोठ्या देवळात माझ्या नावानं लाव, असं सांगून तिनं वसुंधराबाईंच्या हातात एक मेणबत्ती दिली. विलासरावांनी सामानाचं वजन करायला स्वतःचा काटा नेऊन दिला, विमानतळासाठी गाडी ठरवली आणि नवा शर्ट शिवून घेतला.

विमान गुरुवारचं होतं. सोमवारी संध्याकाळी ते तिसऱ्या मजल्यावर गेले, तेव्हा दिवाणखान्यात दोन बॅगा भरून उभ्या होत्या. ऋतिका मेतकूट आणायला खाली गेली होती. गुरुवारपर्यंत थांबायचा विलासरावांचा बेत होता, पण अशी संधी पुन्हा कुठली मिळायला. त्यांनी घसा साफ केला.

"वसुंधराबाई, गुरुवारनंतर या घरात एकच माणूस उरणार. माझ्या घरात सात वर्षं तेच चाललंय. एकट्यासाठी कुकर लावायचा कंटाळा येतो, संध्याकाळ सरता सरत नाही. मला तुम्ही आवडता. आज नाही, दोन वर्षं झाली. आपण लग्न करू या का?"

वसुंधराबाई हातातली साडी मांडीवर ठेवून खाली बसल्या. त्यांचे डोळे भरून आले होते. त्या रागावल्या नव्हत्या, आणि एवढं कळल्यावर विलासरावांना धीर आला.

"तुम्ही कधी बोलला नाहीत. मीच वाट बघून बघून शेवटी मार्चमध्ये नोकरी सोडली आणि त्या विद्यापीठाकडे अर्ज केला," त्या म्हणाल्या. "निदान त्या रविवारी मी नको म्हणत होते, तेव्हा जरी हे विचारलं असतंत ना विलासराव, तरी मी पादोव्याला निघाले नसते."