पुलावरची मोजणीवाली
पुलाच्या खांबावर रंगवलेली मोजपट्टी वाचून नदीची पातळी कळवणं, हे काम ती बावीस वर्षं करत होती. त्या दुपारी नियंत्रण कक्षातून मुलाचा फोन आला. तो तिथं नवा अभियंता होता. “आई, तू साडेपाच मीटर कळवलंस. सेन्सर तर तीनच दाखवतोय. पुन्हा बघ ना.” “तीनदा बघितलं. तुझ्या सेन्सरच्या नळीत गाळ बसलाय, म्हणून तो तीनवरच अडकलाय.” “चुकलं तर नदीकाठची वस्ती उगाच हलवली म्हणून माझी खरडपट्टी निघेल.” “निघू दे. चूक माझ्या नावावर लिही. पाणी दर दहा मिनिटांनी वीतभर चढतंय, आणि तू बोलत बसलायस.” मुलानं फोन ठेवला आणि भोंगा वाजवला. लोक कुरकुरत पोरंबाळं, गुरं घेऊन टेकडीवर गेले. दोन तासांनी नदी घरांत शिरली, तेव्हा तिथं एक कोंबडीसुद्धा उरली नव्हती.