भिंतीपलीकडचा खोकला

शिंपी खोकला, आणि भिंतीपलीकडून कुणीतरी खोकलं.

गोळ्यावाल्या ताईंनी मान वर केली. शिंप्याची बायको लगबगीने शिलाईमशीनवर जाऊन बसली आणि पाय मारू लागली. मशीन खडखडू लागलं. सुईखाली कापड नव्हतं.

"आवाज घुमतो हो ताई," ती म्हणाली. "मागची खोली रिकामीच आहे."

ताई रोज सकाळी टीबीच्या गोळ्या घेऊन वस्तीत फिरायच्या. या गल्लीत त्यांचा पेशंट एकच, हा शिंपी. त्याने त्यांच्यासमोर गोळ्या तोंडात टाकायच्या, वर पाणी प्यायचं, की ताई पुढच्या गल्लीला. पण महिने उलटले तरी त्याच्या थुंकीतले जंतू हटत नव्हते. दवाखान्यातले डॉक्टर ताईंवरच उखडले होते. "तुमच्या डोळ्यांदेखत गिळतो ना? मग गोळ्या जातात कुठे?"

गल्लीही तशी चमत्कारिकच. भर सकाळी दारं लोटलेली. भांडण नाही, हाका नाही, हसणं-खिदळणं नाही. प्रत्येक घरात रेडिओ मात्र मोठ्याने चालू. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याने ताईंना एकदा दबक्या आवाजात सांगितलं होतं, "शिंप्याची आई त्याच्या मागच्या खोलीत खोकून खोकून गेली. तिचा पाय अजून निघत नाही तिथून." ताईंनी ते हसण्यावारी नेलं होतं. पण तेव्हापासून त्या भिंतीकडे पाठ करून बसत नसत.

शिंप्याने गोळ्या तोंडात टाकल्या. पाणी प्याला. ओठ मिटून गप्प बसला. आणि पलीकडून पुन्हा खोकला आला. या वेळी लांबलचक, ओला, जीव पिळवटून काढणारा.

घुमायला इथे कुणी खोकलंच नव्हतं.

पिशवी उचलावी आणि चालू पडावं, असं ताईंना क्षणभर वाटलं. काहीतरी बोलायचं म्हणून त्यांनी विचारलं, "भाऊ, लेक काय म्हणते? मामाकडे रमली का?"

"रमली," शिंपी म्हणाला. शब्द जड आला, तोंडात घास असल्यासारखा.

ताई त्याच्याकडे बघत राहिल्या. "तोंड उघडा."

"गिळल्या की, ताई."

"उघडा म्हणते ना!"

त्याने तोंड उघडलं. जीभ वर केली. खाली दोन गोळ्या अर्धवट विरघळून चिकटून बसल्या होत्या.

"कुणासाठी?"

मशीन थांबलं. मग भिंतीपलीकडून बारीक आवाज आला, "आई, आज उशीर का गं?"

शिवून टांगलेल्या कपड्यांची रांग ताईंनी दोन्ही हातांनी बाजूला सारली. मागे दार होतं. आत खिडकी नसलेली खोली, आणि चटईवर मामाकडे गेलेली लेक. उजेड आत शिरताच तिने डोळ्यांवर हात धरला. हाताची नुसती काडी झाली होती.

"ताई, पाया पडते, ओरडू नका," आई दारातच मटकन खाली बसली. "बापाचा खोकला लोक विसरतात. पोरीचा विसरत नाहीत. कोण करून घेईल हिला?"

"आणि तुम्ही मला वेड्यात काढत होता!" ताईंचा आवाज चढला आणि मध्येच फाटला. "अहो, वाटून खायला हा काय खाऊ आहे? अर्धवट औषधाने रोग मरत नाही, मुरतो. हे असंच चाललं तर बापही जाईल आणि लेकही."

शिंपी भिंतीला टेकून रडायला लागला. तोंडातल्या गोळ्या अजून तशाच होत्या.

लेक मात्र रडली नाही. ती भिंत धरत उठली. "मला उन्हात बसायचंय," म्हणाली. आईने तिचा हात पकडला, तो तिने सोडवून घेतला. मशीनला वळसा घालून ती बाहेर आली आणि पायरीवर बसली, भर गल्लीत, सगळ्यांच्या देखत. पुन्हा खोकला आला तेव्हा तिने तोंडावर फडका धरला, पण आवाज दाबला नाही.

गल्लीतले रेडिओ एकेक करून बंद झाले. खिडक्यांच्या फटींत डोळे दिसू लागले. ताई मुलीपासून हातभर अंतरावर बसून राहिल्या. आता दगड येईल की शिवी, एवढंच त्यांच्या मनात होतं. काहीच आलं नाही.

दुसऱ्या दिवशी ताई मुलीची औषधं घेऊन आल्या, तर गल्लीतली सगळी दारं सताड उघडी होती. इस्त्रीवाला एका माणसाला काखेत धरून बाहेर आणत होता. "माझा थोरला भाऊ," तो खाली बघत म्हणाला. हा भाऊ परदेशात असतो, असं त्यानेच ताईंना सांगितलं होतं. समोरच्या घरातून एक सून आली, माहेरी निघून गेलेली. शेजारून एक तरुण आला, घरातून पळून गेलेला. सगळ्यांचे चेहरे एकाच रंगाचे, अंधाऱ्या जागी वाढलेल्या कोंबांसारखे. एकेक जण येऊन मुलीच्या पायरीलगत उन्हात बसत होता. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. फक्त खोकत होते, मोकळेपणाने.

सर्वांत शेवटी टोकाच्या घरातली म्हातारी काठी टेकत आली. तिला बघून ताई दोन पावलं मागे सरल्या. गेल्या वर्षी ही गावाकडे वारल्याचं कळलं, तेव्हा ताई त्याच घरी तिच्या सुनेला भेटायला गेल्या होत्या. म्हातारीच्या आठवणी काढून दोघी रडल्या होत्या.

म्हातारीने ताईंच्या गालावरून सुकलेला हात फिरवला.

"छान बोललीस गं माझ्याबद्दल," ती म्हणाली. "ऐकत होते मी आतून."