जालन्याचे पाहुणे

"अजून दिसून राह्यलेत." गोजरबाईंनी भाचीचे दोन्ही हात उजेडात धरले. "एवढी मेंदी लावली, तरी डाग न्हाई झाकले. पाहुण्यांसमोर मुठी मिटून बस, अर्पिता."

डाग ठिणग्यांचे होते. घनसावंगीला तीन महिन्यांचा वर्ग झाला होता. मापं घेणं, लोखंड कापणं, वेल्डिंग. तो वर्ग पार पडला की जालन्याच्या एखाद्या वर्कशॉपात शिकाऊ म्हणून जागा मिळायची, आणि तिथून पुढं पक्का कारागीर. त्या जागांसाठीची निवड आज होती. वर्गातली सगळी पोरं सकाळच्या जीपनं जालन्याला गेली.

अर्पिता गेली नाही. जालन्याचे पाहुणे तिला बघायला येणार, असं दादांनीच घरात सांगितलं होतं.

"दादा, शिक म्हणून तुम्हीच म्हणले व्हते ना?" तिनं वडिलांना विचारलं.

"म्हणलो व्हतो," कारभारी म्हणाले. "पण आज कुठं जायचं न्हाई."

एवढंच.

आई गेल्यापासून घरात शब्द चालायचा तो आत्याचा. आत्याला हा वर्ग कधीच पटला नव्हता. थोरल्या बहिणीपुढं कारभारींनी आजवर आवाज चढवला नव्हता, आणि आजही चढवणार नव्हते. त्यांनी फक्त एक केलं. अर्पितानं वर्गात जोडलेलं गोठ्याचं फाटक काल टेम्पोतून आणलं आणि ओसरीला टेकवून ठेवलं.

"पाहुण्यांच्या तोंडासमोर हे लोखंड?"

"उद्या लावतो, आक्का."

अर्पितानं ठरवलं. लग्न मोडायचं. खोटं काही बोलायचं नाही. खरं मात्र सगळं बोलायचं.

जीप आली. सुरेखाबाई उतरल्या, जरीच्या साडीतल्या, भारदस्त. मागून त्यांचे मालक भारतराव. दोघं वाटेत जांबला समर्थांचं दर्शन करून आले होते, हातात प्रसाद. गोजरबाई हरखल्या. मुलगा काही सोबत नव्हता. सुट्टी मिळाली नसेल, त्यांनी मनातच ताडलं. दारात आलेल्याला पहिल्याच घोटाला काही विचारायचं नसतं.

पाणी.

पोहे.

ऊस किती, कापूस किती, बोअरला पाणी किती.

अजून पोहे.

"हात बघू, पोरी," सुरेखाबाई म्हणाल्या.

अर्पितानं आत्याकडं पाहिलं. मुठी उघडल्या.

"हे कशानं?"

"फोडणीनं," गोजरबाई घाईनं म्हणाल्या. "तेल लई उडतं बघा."

"ठिणग्यांनी," अर्पिता म्हणाली. "हातमोजा फाटका व्हता. तरी काम न्हाई सोडलं."

"सैपाक झकास करती—"

"भात करपतो माझा."

"पहाटे उठती—"

"वर्गाला जायचं असलं तरच, आत्या."

भारतरावांना ठसका लागला. पोह्यातली मिरची असावी.

सुरेखाबाई उठून ओसरीच्या कडेला गेल्या. फाटकाजवळ वाकल्या. एकेका सांध्यावरून अंगठा फिरवला.

"हे कुणी केलं?"

"मी."

"या कोपऱ्यात भोकं राह्यलीत."

"वेल्डिंगचा रॉड ओलसर व्हता. घासून परत भरायला पाहिजे व्हतं. जल्दी केली, चुकलं."

सुरेखाबाई ताठ उभ्या राहिल्या. "आमच्याकडं दहा-बारा गडी माणसं. त्यांच्यात तू एकटी पोरगी. जमंल का?"

गोजरबाईंचा चेहरा उजळला. भरलं घर!

"कुणी वाकडं बोललं तर मी बी बोलती," अर्पिता म्हणाली. "मान खाली घालून गप बसणं मला न्हाई जमत."

गोजरबाईंनी डोळे मिटून घेतले.

सुरेखाबाई नवऱ्याकडं वळल्या. "काय म्हणता?"

"बराबर आहे," भारतराव म्हणाले.

"पसंत," सुरेखाबाई म्हणाल्या.

पसंत!

अर्पिता आत जाऊन चुलीपाशी बसली. मोडायला म्हणून जे जे बोलली, त्यानंच जुळलं. जालन्यातली निवड आता उरकत आली असेल. तिनं कान बाहेर लावले. दादा आत्ता तरी काही बोलतील. एक वाक्य. अर्धं.

कारभारी बोलले.

"आक्का, साखर आण."

अर्पितानं ओढणीचा बोळा तोंडात धरला.

गोजरबाई डबा घेऊन धावल्या. मूठभर साखर काढली, सुरेखाबाईंच्या तोंडात घातली, भारतरावांच्या तोंडात घातली, उरलेली भावाच्या तोंडात कोंबली. डोळ्यांत पाणी, तोंडावर हसू. "पोरगी तुमची झाली बघा! आमच्यात साखर दिली की शब्द फिरत न्हाई. मेलं तरी न्हाई."

"नक्की ना, बाई?"

"बिलकुल! चार माणसांत इचारा, गोजरबाईचा शब्द कसा असतो ते."

"मंग सोमवारी धाडून द्या. राहायचं बघू नका. माझ्या दोन पोरी आहेत, त्यांच्याच खोलीत राहील."

गोजरबाई खो खो हसल्या. "अहो, सोमवारी कशी धाडू? तिथी न्हाई, मांडव न्हाई, हळद न्हाई. आन् नवरदेवाचं तर आम्ही अजून तोंड बी न्हाई पाह्यलं!"

सुरेखाबाईंनी तोंडातली साखर सावकाश संपवली. कारभारी छपराचे पत्रे न्याहाळत होते.

"कुठला नवरदेव, बाई? माझं तर वर्कशॉप आहे. तुमच्या भावानंच फोन केल्ता, की निवडीला पोरीला घरातून सोडणार न्हाईत, तर तुम्हीच येऊन तिचं काम बघा. फक्त आक्काच्या हातची साखर तोंडात पडंस्तोवर, कशाला आलात ते बोलू नका."