पटावरचा तांदूळ

सकाळी दहा पंचवीसला शाळेच्या ऑफिसातला लॅपटॉप पुन्हा मेला. महिन्यातली सहावी वेळ. परत चालू व्हायला तो अर्धा तास खायचा. तोवर हजेरी भरायची साडेदहाची मुदत टळायची.

"मॅडम, तुमच्याच हातात कसा मरतो हो?" मुख्याध्यापक बिभीषण सर म्हणाले. "अजून एकदा बंद पडला की तुम्ही घरी."

हेलन कंत्राटी शिक्षिका. पाथर्डीकडच्या या वाडीत लिनक्स कशाशी खातात हे तिला एकटीलाच माहीत, म्हणून लॅपटॉप तिच्या गळ्यात. मशीन अचानक मेलं की आत काय घडलं याच्या शेवटच्या नोंदी त्याच्यासोबतच जातात. म्हणून तिसऱ्या वेळेनंतर तिने युक्ती केली होती. लॅपटॉपची प्रत्येक नोंद त्याच क्षणी नेटवरून कोल्हारला, तिच्या भावाच्या कॉम्प्युटरवर जायची.

दुपारी भावाचा, एडविनचा फोन आला. "ताई, मशीन ठणठणीत आहे. नंतरच्या तिन्ही वेळा शेवटची ओळ एकच. बंद करायचं बटन कुणीतरी दाबून धरलंय."

त्या वेळी सगळी शाळा मैदानावर परिपाठाला असते. ऑफिसात फक्त मालनबाई जातात, खिचडी शिजवणाऱ्या. कोठीची किल्ली घ्यायला. हेलनने त्यांना विचारलंसुद्धा नाही. नोंदी छापल्या आणि सरांच्या टेबलावर आपटल्या.

मालनबाईंनी नाकारलं नाही.

"मशीन चालू असलं की हजर पोरांचा तांदूळ निघतो, एकेचाळीसांचा. बंद असलं की पटावरचा, ब्यान्नवांचा. नेम तुमचाच हाय."

"वरचा तांदूळ कुठं नेता?" सरांनी विचारलं.

"नेते कुठं? शिजवते. पोरं आईबापासंगं ऊसतोडीला गेली, म्हातारी मागं ऱ्हायली. दुपारी फाटकाशी ताट घिऊन बसत्यात. दिसत न्हाई व्हय?"

"मावशी, माझी नोकरी जात होती," हेलन म्हणाली.

"मंग मला इचारायचं की. तुमी कोल्हारला इचारलं बाई, मला न्हाई."

सरांनी त्याच दिवशी मालनबाईंना काढलं. त्यांच्या जागी स्वतःच्या मेहुणीला घेतलं. हेलनचं तोंड भरून कौतुक केलं. कागद दोनदा वाचले. बटन किती वेळ दाबून धरावं लागतं, तेही विचारलं. पाच सेकंद, हेलनने सांगितलं. मग शाळेची माहिती बाहेर जायला नको म्हणून कोल्हारला नोंदी पाठवणं त्यांनी बंद करायला लावलं. ऑफिसची किल्ली स्वतःच्या खिशात टाकली.

आठ दिवस लॅपटॉप एकदाही मेला नाही.

नवव्या दिवशी सर परिपाठाला आले नाहीत. हेलन मुलं मोजून ऑफिसात आली तेव्हा पडदा काळा होता.

"गेला परत," सर म्हणाले. "मशीनच भिकार आहे. काढा पटावर तांदूळ."

वहीत तांदूळ निघाला ब्याण्णवांचा. मेहुणीने खिचडी शिजवली एकेचाळीसांची. उरलेला तांदूळ पिशवीत भरून सरांच्या जीपमध्ये गेला. हेलन खिडकीतून बघत राहिली. दाखवायला तिच्याकडे आता एक ओळही नव्हती.

दुपारी म्हातारी गोजरबाई फाटक ढकलून थेट व्हरांड्यात आली. आठ दिवस ती रिकाम्या ताटाने परत गेली होती. आज हसत होती.

"बाई, मशीन बंद पडलं म्हनं," तिने ताट पुढं केलं. "मंग वाढा की."