रिकामं कॅरेज

वैजयंतीने विणकामाच्या मशीनचं कॅरेज डावीकडून उजवीकडे ओढलं आणि सकाळपासून विणत आणलेला स्वेटरचा पुढचा भाग सगळ्या सुयांवरून सुटून फरशीवर पडला.

फरीदाबादच्या त्या कॉलेजातल्या विणकामाच्या वर्गात सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या. मशीनवर रंग बदलताना आधी नवा धागा ओवायचा, मगच सुयांवरून सरकणाऱ्या कॅरेजला हात लावायचा, हे सांगून सांगून तिने मुलांचे कान किटवले होते. आणि आज मागे बसून मोबाईल बघणाऱ्या एकाला झापण्याच्या नादात तिनेच ते धाग्याविना रिकामं ओढलं होतं.

पडलेला भाग म्हणजे तिच्या स्वतःच्या डिझाइनचा नमुना होता. चार वाजता गुडगावचे स्वेटरचे व्यापारी मेहरोत्रा तो बघायला इथेच येणार होते. पसंत पडला तर येत्या हिवाळ्याचं सगळं काम तिला, नाहीतर दुसऱ्या कुणाला.

पुढच्या बाकावरच्या मयुराने वाकून तुकडा अलगद उचलला. टाके अजून शाबूत होते. एकेक करून पुन्हा सुयांवर चढवले असते तर वेळेत सगळं उरकलं असतं. पण असे चढवलेले टाके ताणले जातात आणि पहिल्याच धुण्यात तिथे आडवी रेघ उमटते. म्हणून या वर्गात पडलेलं कापड चढवायचं नाही, उसवायचं. मागच्याच आठवड्यात वैजयंतीने मयुराला स्वेटरची अख्खी पाठ उसवायला लावली होती, आणि पोरगी डोळे पुसत पुन्हा विणायला बसली होती.

“मॅडम, चढवून टाका ना,” मयुरा हळूच म्हणाली. “आज कोण धुऊन बघणारे? आम्ही कोणी काही बोलणार नाही, पक्का.”

वैजयंतीला मोह झाला. चांगलाच झाला. मग तिने धाग्याचं सुटलेलं टोक शोधलं आणि मयुराच्या हातात दिलं.

“ओढ,” ती म्हणाली.

मेहरोत्रा नेमके वेळेवर आले. नव्याने विणायला घेतलेलं काम तेव्हा जेमतेम निम्म्यावर होतं. काय घडलं ते तिने आडपडदा न ठेवता हिंदीत सांगितलं, त्यांना खुर्ची दिली आणि पुन्हा मशीनकडे वळली. ते थोडा वेळ बसले, घड्याळ बघितलं, अजून एकाकडे जायचंय असं काहीसं पुटपुटले आणि निघून गेले. तिने कॅरेज थांबवलं नाही.

वर्ग सुटला तरी कुणी घरी गेलं नाही. दिवे लागायच्या सुमारास काम मशीनवरून उतरलं. तिने ते टेबलावर पसरलं, कडा सारख्या केल्या, टाचण्या लावल्या. नक्षी तिला हवी होती तशीच उतरली होती.

“फोटो काढ,” ती मयुराला म्हणाली, “आणि मेहरोत्रांना पाठव.”

मयुराने फोटो काढला. “खाली काय लिहू मॅडम? सॉरी?”

“कॉलेजचा पत्ता लिही,” वैजयंती म्हणाली. “उद्या परत यायचंय त्यांना.”